उटणे, मसूर आणि उतारवयाचा चेहरा : वऱ्हाडातील एका चालीचा इतिहास

अंगावर साचलेला मळ, तेलाचा चिकटा आणि त्वचेच्या वरच्या थरातील मेलेल्या पेशी घासून काढण्याच्या क्रियेला आज बाजारात ‘एक्सफोलिएशन’ असे नाव मिळाले असले, तरी मराठीत या क्रियेचे जुने आणि रुळलेले नाव उटणे हेच आहे. संस्कृतातील ‘उद्वर्तन’ या शब्दापासून ते आले असून त्याचा मूळ अर्थ चूर्ण किंवा कल्क अंगाला लावून खालून वर, म्हणजे लवेच्या उलट दिशेने चोळणे असा आहे. पुढे क्रियेचे नाव त्या चूर्णालाच चिकटले आणि उटणे ही ‘करण्याची’ गोष्ट न राहता ‘लावण्याची’ गोष्ट झाली. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांच्या, म्हणजे वऱ्हाडच्या गाभ्याच्या प्रदेशात ही चाल कोणत्या सामग्रीवर उभी राहिली आणि वय झालेल्या चेहऱ्याला तिच्यात कोणते स्थान होते, हे पाहू गेल्यास एक विसंगती ठळकपणे दिसते : या विद्येची राखण घरातील वयस्क बायकांनी केली, परंतु तिचा लाभ मिळालेल्यांच्या यादीत त्यांचे स्वतःचे चेहरे जवळजवळ आढळत नाहीत.

शास्त्रग्रंथांत घासण्याच्या क्रियेचे प्रकार वेगवेगळे सांगितले आहेत. सुश्रुताने उद्वर्तनाबरोबर उद्घर्षण आणि उत्सादन असे दोन शब्द वापरले असून पहिल्याचा अर्थ कोरड्या पदार्थाने खरखरीत घासणे आणि दुसऱ्याचा अर्थ स्नेहयुक्त, म्हणजे तेल-तूप मिसळलेल्या कल्काने चोळणे असा टीकाकार लावतात. वात्स्यायनाच्या कामसूत्रात, ज्यात विदर्भ आणि वत्सगुल्म (आजचे वाशीम) येथील रीतींचेही उल्लेख येतात, नागरकाची म्हणजे शहरी रसिक पुरुषाची दिनचर्या सांगताना स्नान रोज, उत्सादन एक दिवसाआड आणि फेनक, म्हणजे फेस येणाऱ्या पदार्थाने अंग धुणे, तिसऱ्या दिवशी असा क्रम दिला आहे. अंग धुणे रोजचे आणि घासणे अंतराने, हा भेद इतक्या जुन्या काळी पक्का झालेला होता, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण आजच्या चुकांपैकी पुष्कळशा हा भेद विसरल्यामुळेच होतात.

चेहऱ्यासाठी मात्र खरा आधारग्रंथ वाग्भटाचे अष्टांगहृदय हा आहे. त्याच्या सूत्रस्थानात मुखालेपाचे, म्हणजे तोंडाला लावण्याच्या लेपाचे, तीन प्रकार सांगितले आहेत : दोष घालवणारा, विष घालवणारा आणि वर्ण उजळणारा. लेपाची जाडी अंगुळाचा चौथा, तिसरा किंवा दुसरा हिस्सा इतकी मोजून दिलेली आहे आणि त्यापुढे जे नियम येतात ते वय झालेल्या कोरड्या त्वचेच्या दृष्टीने फार मोलाचे आहेत. लेप ओला आहे तोवरच तोंडावर ठेवावा, कारण वाळलेला लेप त्वचेची कांती बिघडवतो. काढताना तो आधी पाण्याने भिजवावा. काढून झाल्यावर चेहऱ्याला तेल लावावे. आणि लेप लावलेल्याने ऊन, विस्तव, फार बोलणे, दिवसाची झोप, शोक व राग टाळावा. हेमंतापासून शरदापर्यंतच्या सहा ऋतूंसाठी सहा निरनिराळे लेपही तेथे दिलेले आहेत. उन्हाळ्यासाठी कमळांचे प्रकार, दूर्वा, ज्येष्ठमध आणि चंदन, तर शिशिरासाठी काळे तीळ आणि सोललेले जव यांसारखी द्रव्ये. नित्य मुखालेप करणाऱ्याचा चेहरा कोमेजत नाही, असे फळही सांगितले आहे. कोमेजणे हा शब्द वार्धक्याला लावलेला नसला, तरी वाचणाऱ्याच्या मनात तोच अर्थ येतो.

हा ग्रंथ वऱ्हाडला परका नव्हता. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली आणि त्याच्याच आश्रयाने नांदलेला पंडित बोपदेव हा वरदेच्या, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते वर्धा नदीच्या, काठावरील केशव नावाच्या वैद्याचा मुलगा होता. त्याच तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मुख्य ठिकाण झाले आणि म्हाइंभटाने पंथप्रवर्तक चक्रधरांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. त्या गद्यात ‘मर्दना’ म्हणजे अंग चोळणे आणि ‘मादणे’ म्हणजे न्हाणे हे दोन शब्द जोडीने वावरतात. भक्तांनी गुरूंची करावयाची नित्याची सेवा म्हणून त्यांचा उल्लेख होतो. मराठी गद्याच्या अगदी आरंभापासून अंग चोळणे ही एकट्याने, आरशासमोर उभे राहून करण्याची गोष्ट नव्हती, तर एकाने दुसऱ्याची करावयाची सेवा होती, एवढे या शब्दांवरून निश्चित म्हणता येते.

राजवाड्यातील न्हाणे याहून थाटाचे असे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात स्नानभोग असे स्वतंत्र प्रकरण असून त्यात सुगंधी तेल, मर्दन आणि उटणे यांचे वर्णन येते. सामान्यांच्या घरी चंदन-केशर कोठून येणार? तेथे शेत, रान आणि पाटा-वरवंटा यांवरच सगळे भागत असे, आणि वऱ्हाडच्या चालीचा खरा इतिहास याच सामग्रीत आहे.

हरभरा हे काळ्या जमिनीतील रब्बीचे पीक असल्यामुळे डाळीचे पीठ घरात बारमाही असे आणि अंगाला तेच लागे. पिठाचे कण तेल शोषून घेतात आणि चोळताना मळाबरोबर मेलेल्या पेशींचा सैल थर उचलून आणतात. साबण नसलेल्या काळात तेल लावून न्हाण्याला पिठाचाच मोठा आधार होता. चेहऱ्यासाठी मात्र मसूर. मसुरीची डाळ रात्रभर दुधात भिजत घालायची, सकाळी पाट्यावर वाटताना बोटांना रवा लागेनासा होईपर्यंत वरवंटा फिरवायचा, त्यात साय किंवा थोडे तूप कालवायचे आणि तो गुलाबीसर लेप गालांवर बोटांच्या अग्रांनी पसरायचा. शार्ङ्गधर संहितेत व्यंगावर, म्हणजे चेहऱ्यावर येणाऱ्या काळसर डागांवर, जे द्रव्यसमूह सांगितले आहेत त्यांत रक्तचंदन, मंजिष्ठा, लोध्र, कोष्ठ आणि वडाचे अंकुर यांच्याबरोबर मसूर आहेच. आजीच्या पाट्यावरची डाळ आणि वैद्याच्या पोथीतली डाळ एकच होती.

मेळघाटच्या रानातून दुसरे एक द्रव्य येई, ते म्हणजे चारोळी. चार या झाडाच्या फळांतील ही बी अतिशय तेलकट असल्यामुळे दुधात वाटली की लोण्यासारखी होते, आणि जी त्वचा पिठाने ओढल्यासारखी होते तिला चारोळी सोसते. गोड पदार्थांवर पेरण्याच्या या महागड्या बीचा चेहऱ्यासाठी उपयोग होण्याचे कारण हेच आहे. सुगंधासाठी मोथा. कपाशीच्या वावरात निंदण करणाऱ्या बाईला ज्या लव्हाळ्याने जेरीस आणलेले असते, त्याच्याच जमिनीखालील काळ्या गाठी धुऊन, वाळवून, कुटल्या की उटण्याचा मूळ वास तयार होतो. शेतातील वैरी न्हाणीत मित्र व्हावा, असे हे एकच उदाहरण नाही, पण इतके नेमके दुसरे सापडणे कठीण आहे. याखेरीज आंबेहळद, गव्हला कचोरा, कपूरकाचरी, वाळा, जटामांसी आणि बावची ही काष्ठौषधीच्या दुकानातून आणावयाची द्रव्ये होत. हळद शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील वायगावची नावाजलेली, जिला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. संत्र्याची वाळवलेली साल मात्र या यादीत उशिरा आली. वरूड, मोर्शी, अचलपूर, चांदूर बाजार या पट्ट्यात संत्र्याच्या बागा विसाव्या शतकात फोफावल्या आणि त्यानंतरच सालीची पूड ही घरोघरची गोष्ट झाली. आज ती प्राचीन म्हणून सांगितली जाते, ते खरे नाही.

घासण्याच्या साधनांतही चेहरा आणि शरीर यांचा भेद कसोशीने पाळलेला दिसतो. टाचांसाठी वज्री असे, म्हणजे सच्छिद्र दगडाची, भाजलेल्या मातीची किंवा धातूची खरबरीत घासणी. महाराष्ट्रातील नेवासे यांसारख्या सातवाहनकालीन वसाहतींच्या उत्खननात भाजलेल्या मातीच्या अशा घासण्या मिळाल्या आहेत, तेव्हा हे साधन किमान दोन हजार वर्षांचे आहे. पाठीसाठी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. चेहऱ्यासाठी मात्र कोणतेही साधन नव्हते. तेथे फक्त बोटे, आणि तीही दुसऱ्याची.

ती बोटे कोणाची होती, या प्रश्नापाशी या चालीचा सामाजिक इतिहास सुरू होतो. उटणे लावून घेण्याचे हक्क ठरलेले होते. जन्मलेल्या बाळाला तेल आणि डाळीचे पीठ, बाळंतिणीला शेक आणि मर्दन, नवरा-नवरीला हळद, दिवाळीच्या पहाटे घरातील पुरुषांना आणि मुलांना अभ्यंग. या प्रत्येक प्रसंगी पाटावर बसलेली व्यक्ती तरुण असे किंवा पुरुष असे, आणि मागे उभी राहून चोळणारी बहुधा आई, आजी, आत्या किंवा न्हाऊ घालणारी म्हातारी बाई असे. किती जोर द्यायचा, कोठे हात हलका ठेवायचा, पीठ डोळ्यांत जाऊ न देता कपाळावरून कसे फिरवायचे, बाळाच्या टाळूला धक्का न लावता तेल कसे जिरवायचे, ही सगळी जाण त्या हातांत होती. ती लिहून ठेवण्याची कोणाला गरज वाटली नाही आणि त्या हातांच्या मालकिणीला पाटावर बसवण्याचीही नाही.

तिच्यावर वैधव्य आले असेल तर हळद, सुगंध आणि मंगलस्नान यांवर उघड बंदी असे. लग्नात जी बाई हळद दळण्याच्या कामात अग्रभागी नसावी असा दंडक, तिने तोंडाला हळद लावणे ही निंदेची गोष्ट ठरत होती. उतारवयातील स्त्रियांमध्ये विधवांचे प्रमाण त्या काळी मोठे असल्यामुळे हा निर्बंध व्यवहारात म्हाताऱ्या चेहऱ्यावरचाच निर्बंध होता. वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली पुण्यात छापलेल्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या पुस्तकात पुरुषाला एक न्याय आणि विधवेला दुसरा असे का, हा प्रश्न जळजळीत भाषेत विचारला. त्या प्रश्नाच्या कक्षेत न्हाणीघरही येते. सुरकुतलेल्या गालाला मऊ लेप लावणे ही चैन नसून कातडीची निगा आहे, एवढे साधे म्हणण्यासही त्या समाजात जागा नव्हती, आणि परंपरेचा गौरव करताना ही बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

सामग्रीत मोठा पालट झाला तो रेल्वेनंतर. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची वाट अकोला आणि बडनेऱ्यावरून १८६७ साली नागपूरला पोचली. त्याच वाटेने वऱ्हाडचा कापूस मुंबईला गेला आणि तिकडचा किरकोळ माल इकडे येऊ लागला. गोदरेज यांनी १९१८-१९च्या सुमारास प्राण्यांची चरबी न वापरता वनस्पती तेलाचा साबण काढल्यावर सोवळ्याओवळ्याची अडचणही उरली नाही. साबणाने पिठाचे काम पाण्याच्या एका तांब्यात उरकू लागले, परंतु त्याच्याबरोबर एक हानीही आली. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, तर नेहमीचा साबण चांगलाच अल्कधर्मी. तरुण त्वचा थोड्या वेळात पूर्ववत होते, पण ज्या त्वचेतील तेलग्रंथी वयाबरोबर मंदावल्या आहेत तिला ते जड जाते. डाळीचे पीठ तेलानंतर येत असे, म्हणून अंगावर थोडा स्नेह मागे राहत असे. साबण आला आणि तेल दिवाळीपुरते उरले. उटणेही मग पुडीत जाऊन बसले. नागपुरात किराण्याचे दुकान चालवलेल्या केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली मुंबईत स्थापलेल्या विको या कंपनीने पुढे हळद आणि चंदनाला मलमाच्या नळीत घातले आणि हे औषध की सौंदर्यप्रसाधन, या उत्पादनशुल्काच्या वादाने सर्वोच्च न्यायालयाची पायरी गाठली. हळदीच्या बाबतीत घराने हा भेद कधी केलाच नव्हता.

दुसरा पालट प्रयोगशाळेतून आला. त्वचेचा सर्वांत वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. खालून नव्या पेशी वर सरकत जातात आणि वरच्या झडतात. तरुणपणी या फेऱ्याला साधारण चार आठवडे लागतात आणि वय वाढेल तसा तो लांबतो, म्हणून उतारवयात चेहरा निस्तेज, खरखरीत आणि डागाळलेला दिसू लागतो. व्हॅन स्कॉट आणि यू या अमेरिकी संशोधकांनी १९७४ साली दाखवून दिले की उसापासून मिळणारे ग्लायकोलिक आणि दुधापासून मिळणारे लॅक्टिक यांसारखी आम्ले या मेलेल्या पेशींना धरून ठेवणारा बंध सैल करतात, म्हणजे न घासताही थर सुटतो. आंबट दह्याचा हात तोंडावरून फिरवण्याच्या चालीला यात काही आधार मिळतो, मात्र दह्यातील लॅक्टिक आम्ल एक टक्क्याच्या आसपासच असल्यामुळे परिणाम सौम्य असतो. लिंबाची गोष्ट वेगळी आहे. त्याचा रस त्वचेला सोसणार नाही इतका आम्लधर्मी असतो, आणि तो लावून वऱ्हाडच्या उन्हात गेल्यास भाजल्यासारखे काळे चट्टे उठू शकतात. साखर-लिंबू चोळण्याचा जो उपाय आवडीने सांगितला जातो तो वय झालेल्या चेहऱ्याला घातक आहे, असे स्पष्टच म्हटले पाहिजे.

बावचीचा इतिहास याच संदर्भात उद्बोधक आहे. उटण्यात पडणाऱ्या या बीमध्ये सोरालेन नावाची द्रव्ये असून ती त्वचेवर असताना ऊन लागले तर दाह होतो आणि डाग राहतो. कोड या विकारावर वैद्य बावची आणि ऊन यांची योजना करतात ती याच गुणामुळे. त्याच बीमधून वेगळे काढलेले बाकुचिऑल हे द्रव्य आता सुरकुत्यांवर वापरले जाते. ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मॅटॉलॉजीमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, ४४ जणांवर १२ आठवडे केलेल्या चाचणीत अर्धा टक्का बाकुचिऑल आणि अर्धा टक्का रेटिनॉल (‘अ’ जीवनसत्त्वाचे एक रूप) यांचा सुरकुत्या व डागांवरील परिणाम सारखा आढळला आणि बाकुचिऑलने त्वचेची आग रेटिनॉलपेक्षा कमी झाली. चाचणी लहान होती, हे विसरता येत नाही. आणि त्यावरून बावचीची पूड तोंडाला फासणे योग्य ठरत नाही, कारण पुडीत दाह करणारा भाग तसाच असतो.

अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो, आणि कापूस वेचण्यात, निंदण्यात आयुष्य घालवलेल्या बाईच्या गालावरील काळेपणा बहुतांशी उन्हाचा असतो, मळाचा नव्हे. तो घासून जात नाही. उलट गव्हाळ-सावळ्या त्वचेला जोराने घासले की ती दुखावल्याची खूण म्हणून आणखी काळी पडते. घरी करावयाच्या उपायांची निवड या एका गोष्टीवर ठरली पाहिजे. फळांच्या कवचांचा टोकदार चुरा असलेले स्क्रब टाचेच्या जातीचे आहेत, गालाच्या नव्हेत. प्लॅस्टिकच्या सूक्ष्म मण्यांचे स्क्रब तर नदी-समुद्राच्या पाण्यात जातात म्हणून अमेरिकेने २०१५ साली कायद्याने बंद केले. आम्लाची बाटली घ्यावयाची झाल्यास घरगुती वापरासाठी १० टक्क्यांपर्यंतची तीव्रता आणि साडेतीनाहून कमी नसलेला सामू, म्हणजे आम्लता मोजण्याचा अंक, ही तज्ज्ञांनी मान्य केलेली मर्यादा आहे. उतारवयात त्याहून सौम्य लॅक्टिक आम्लापासून, रात्रीच्या वेळी, आठवड्यातून एकदा आरंभ करावा आणि दिवसा सनस्क्रीन व डोक्यावर पदर ठेवावा. आम्ल, रेटिनॉल आणि घासणे हे तिन्ही एकाच रात्री करू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, कातडी कागदासारखी पातळ झाली असेल किंवा एखादा डाग आकार बदलत असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे.

या सगळ्या आधुनिक सूचना जुन्या नियमांशेजारी ठेवल्या तर वाग्भटाचे उन्हापासून जपणे आणि वात्स्यायनाचे अंतर राखणे, ही दोन कलमे जुळतात. खरे नवे आहे ते हे की पाटावर बसण्याचा हक्क आता वय झालेल्या बाईलाही आहे. तो हक्क देण्यासाठी बाजारातून काही आणण्याची गरज नाही. येत्या नरक चतुर्दशीच्या पहाटे घरातील सर्वांत वयस्क बाईला, ती सधवा असो की विधवा, सगळ्यांच्या आधी पाटावर बसवावे. चेहऱ्याला कोमट तिळाचे तेल लावून थोडे जिरू द्यावे, रात्री दुधात भिजवलेली मसूर साय घालून गंधासारखी बारीक वाटावी, ती बोटांनी हलकेच पसरावी, वाळण्याच्या आत कोमट पाण्याने भिजवून उतरवावी आणि वज्री न्हाणीच्या कोपऱ्यात टाचांसाठी राहू द्यावी.